'द मेसेज' : शब्द कुणाचे, चेहरा कुणाचा?

रॅप या गीतप्रकाराविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात दोन टोकांची मते ऐकू येतात. हे गाणे नव्हेच, नुसती तालावरची बडबड आहे, असे एक मत. याच्याइतके खरे आणि रोखठोक काव्य दुसरे नाही, हे दुसरे मत. पहिले मत मांडणाऱ्यांनी बहुधा ते गाणे लक्षपूर्वक ऐकलेले नसते आणि दुसरे मत मांडणाऱ्यांनी ते तपासलेले नसते. प्रस्तुत लेखात मी एकच गाणे आणि त्याची एकच चित्रफीत घेऊन हा प्रश्न थोडा जवळून पाहणार आहे. हे गाणे म्हणजे 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' या न्यूयॉर्कच्या गटाच्या नावावर १९८२ साली निघालेली 'द मेसेज' ही तबकडी.

हे गाणे निवडण्याचे कारण केवळ त्याची कीर्ती हे नाही. या गाण्याच्या जन्मकथेत एक गाठ आहे आणि ती गाठ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला फार ओळखीची वाटावी अशी आहे. दैन्याचे चित्रण करणाऱ्या कलाकृतीत खरेपणा कोठून येतो? लिहिणाऱ्याने ते भोगले म्हणून? गाणाऱ्याने ते भोगले म्हणून? की शब्दांच्या मांडणीतच तो असतो? सत्तरीच्या दशकापासून आपल्याकडे ज्या प्रश्नावर इतके वाद झाले, तोच प्रश्न एका सात मिनिटांच्या तबकडीत दडलेला आहे.

१. गाण्यापूर्वीचे शहर

गाणे समजून घ्यायचे तर प्रथम ते ज्या भूमीतून आले ती भूमी पाहिली पाहिजे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ब्रॉन्क्स हा विभाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याच्या योजनेनुसार या विभागाच्या पोटातून 'क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे' हा महामार्ग काढण्यात आला. वस्तीच्या वस्ती उठल्या, हजारो माणसांची घरे गेली. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिले ते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोहून आलेले गरीब लोक. बँकांनी अशा वस्त्यांना कर्जे नाकारली आणि घरांची किंमत उतरली. भाड्यापेक्षा विम्याची रक्कम अधिक मिळते, हे पाहून काही घरमालकांनी आपल्याच इमारतींना आगी लावविल्या. त्यातच १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि काटकसरीच्या नावाखाली अग्निशमन केंद्रेही बंद झाली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधील सात जनगणना-विभागांतल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओसाड पडून नाहीशा झाल्या. १९७७ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीट या रस्त्यावर उभे राहून विटांचे ढीग पाहून गेले. १९८० च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीच्या प्रचारात रेगनही तेथेच उभे राहिले. ढीग मात्र बराच काळ तसेच राहिले.

याच ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून नृत्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. क्लाइव्ह कॅम्पबेल हे त्याचे नाव, 'कूल हर्क' म्हणून तो ओळखला जाई आणि जमैका बेटावरून लहानपणी तो अमेरिकेत आला होता. तबकडीतील ज्या तुकड्यात गाणे थांबते आणि केवळ ताल उरतो, त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना अधिक रंग चढतो, हे त्याने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा तो पुन्हा पुन्हा लांबवू लागला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज हाच दिवस मानतात.

बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या जोसेफ सॅडलर याने, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशने, या युक्तीला शास्त्राची शिस्त दिली. तो विद्युतयंत्रांचे शिक्षण घेतलेला मुलगा. तबकडीवर खडूची खूण करून, ती बोटांनी नेमकी मागे फिरवून, तालाची एक मात्राही न चुकविता तो दोन तबकड्या जोडीत असे. त्या तालावर लोकांना चेतविण्यासाठी जे निवेदक यमके जुळवून बोलत, ते म्हणजे पहिले रॅपर. काऊबॉय, मेली मेल, किड क्रिओल, स्कॉर्पिओ आणि रहीम हे पाच जण फ्लॅशचे सोबती झाले आणि 'फ्युरियस फाइव्ह' हे नाव रूढ झाले. आपल्याकडच्या शाहिरी फडाशी याचे बाह्य साम्य चटकन लक्षात येते. मुख्य शाहीर, झीलकरी, ताल धरणारा आणि समोर दाद देणारा जमाव, अशीच ही मांडणी होती. परंतु साम्य येथेच थांबते. पोवाड्याला कथा सांगायची असते, तर ब्रॉन्क्समधील या प्रारंभीच्या रॅपला रात्र रंगवायची होती. मी किती चतुर, माझा ताल किती पक्का, हात वर करा आणि नाचा, हाच त्याचा आशय होता. भोवती इमारती जळत होत्या आणि गाण्यात त्यांचा धूर जवळजवळ नव्हता. यात आश्चर्य काही नाही. ज्याच्या दाराशी दुःख आहे, तो करमणुकीच्या रात्री तरी ते विसरू पाहतो.

२. तबकडीचा जन्म

१९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सन आणि त्यांचे पती जो यांनी न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड येथे 'शुगर हिल रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. सिल्व्हिया स्वतः गायिका होत्या आणि पन्नाशीच्या दशकापासून त्या या व्यवसायात होत्या. त्याच वर्षी त्यांनी 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली आणि रॅप प्रथमच ब्रॉन्क्सबाहेर दूरवर ऐकू गेला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या तबकडीतील एका गायकाने म्हटलेल्या यमकांचा बराच भाग ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्समधील दुसऱ्याच रॅपरचा होता आणि त्याला त्याचे श्रेय मिळाले नाही. म्हणजे रॅपची पहिली मोठी तबकडीच उसन्या शब्दांवर उभी राहिली. शब्द एकाचे आणि तोंड दुसऱ्याचे हा प्रकार त्या कलेच्या व्यापारात आरंभापासूनच होता.

'द मेसेज'ची कथा याच कंपनीत घडली. एड फ्लेचर नावाचा एक तालवादक तेथे साथीला असे. 'ड्यूक बूटी' हे त्याचे टोपणनाव. तो न्यू जर्सीतील एलिझाबेथ या गावचा, पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन कॉलेजचा पदवीधर. १९८० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेच्या कामगारांचा संप झाला. त्या सुमारास त्याने शहराला अरण्याची उपमा देणारी एक रचना केली. ती ऐकून, हे गाणे फ्लॅशच्या गटाने करावे, असे सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ठरविले.

गटाला ते पटले नाही. लोक आपल्याकडे नाचायला येतात, त्यांना त्यांचेच घरगुती रडगाणे कशाला ऐकवायचे, असा एकूण सूर होता. लय संथ, ताल उघडा आणि फ्लॅशच्या हातच्या तबकड्यांना त्यात कामच नाही. नाचाच्या सभागृहात असे गाणे चालणार कसे? रॉबिन्सनबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर पाचांपैकी एकटा मेली मेल तयार झाला. गाण्यातील शब्द ड्यूक बूटी आणि मेली मेल या दोघांनीच म्हटले. मेलने शेवटी जे प्रदीर्घ कडवे जोडले, ते त्याचेच, पण नवे नव्हे. १९७९ सालच्या 'सुपररॅपिन' या गटाच्या आधीच्या तबकडीत ते येऊन गेले होते. तेथे ते मौजेच्या यमकांच्या गर्दीत हरवले होते. येथे ते गाण्याचा कळस झाले. एकच मजकूर जागा बदलली की किती निराळा होतो, याचा हा नमुना काव्यशास्त्राच्या वर्गात दाखवावा असा आहे.

१९८२ च्या उन्हाळ्यात तबकडी निघाली. तिच्या लेबलावर मोठे नाव गटाचे आणि सोबत मेली मेल व ड्यूक बूटी यांची नावे. म्हणजे ज्याच्या नावाने गाणे विकले गेले, त्या फ्लॅशचा गाण्याच्या निर्मितीत जवळजवळ हात नाही आणि गटाच्या पाचांपैकी चौघांचा कडव्यांत आवाज नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीताच्या तक्त्यात ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये आठव्या. अमेरिकेच्या सर्वसाधारण तक्त्यात मात्र ६२ च्या वर सरकली नाही.

३. शब्दांची रचना

या गाण्यात युक्तिवाद नाही. कुणावर आरोपपत्र नाही, कुठला पक्ष नाही, क्रांतीची हाक नाही. आहे ती यादी. फुटलेल्या काचा, जिन्यातली घाण, घरात उंदीर आणि झुरळे, बाहेर बोळात मारहाणीला टपलेला माणूस. पळून जावे म्हटले तर हप्ते थकलेली मोटार कंपनीने ओढून नेलेली. उकिरड्यातून खाणारी एक बाई. फोनवर वसुलीचा माणूस आणि त्याला घाबरलेली बायको. महागाई, संप, डोकेदुखी. शाळा नको म्हणणारा मुलगा, कारण शिक्षक त्याला मूर्ख समजतात. या एकेका तपशिलात काही मोठे नाही. परंतु एकामागून एक ते येत राहतात, मध्ये श्वास घ्यायला ध्रुवपद येते आणि त्या ध्रुवपदात बोलणारा माणूस एवढेच विनवितो की मला आणखी ढकलू नका, मी आधीच टोकावर आहे. मग पुन्हा यादी सुरू होते.

याला मी संचयाची रचना म्हणेन. उपमा-उत्प्रेक्षांनी दुःख मोठे करायचे नाही, तर लहान लहान वस्तू एकावर एक ठेवीत जायचे आणि ऐकणाऱ्याला त्या ओझ्याची जाणीव आपोआप होऊ द्यायची. लय संथ ठेवण्याचे मर्म येथे उघड होते. पूर्वीच्या रॅपमध्ये शब्द तालावर स्वार होऊन धावत. येथे ताल मागे राहून शब्दांना वाट करून देतो. विद्युतवाद्याचा एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. त्या रिकाम्या जागेत शब्द स्वच्छ ऐकू येतात. नाचणाऱ्याला थांबवून ऐकायला लावणारा ताल, असे त्याचे वर्णन करता येईल.

शेवटच्या कडव्यात ही रचना बदलते. यादी संपते आणि कथा सुरू होते. एका मुलाचा जन्म, वस्तीतल्या दलालांचे आणि पैसेवाल्या गुंडांचे त्याला वाटणारे कौतुक, शाळा सुटणे, चोरी, तुरुंग, तुरुंगातला अत्याचार आणि कोठडीत त्याने स्वतःचाच केलेला शेवट. सारे तृतीय पुरुषात नव्हे, तर त्या मुलालाच 'तू' म्हणून सांगितलेले. ऐकणारा तरुण त्या 'तू'मध्ये सापडतो. त्यापूर्वीच्या सगळ्या काचा, जिने आणि उंदीर यांचा हिशेब या एका आयुष्यात लागतो. यादी कारण होते आणि कथा कार्य. हा संबंध कवी कोठेही शब्दाने सांगत नाही, केवळ शेजारी ठेवून दाखवितो.

गाण्यातील उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. उकिरड्यावरची बाई या गाण्यात दिसते, पण बोलत नाही. तिच्या ऱ्हासाची कथा दुसराच कुणी, थोड्या कुत्सित सुरात सांगतो. तुरुंगातील अत्याचाराच्या ओळींत समलिंगी व्यक्तींची हेटाळणी आहे. स्वतःवरच्या अन्यायाविषयी इतका जागा असलेला कवी दुसऱ्या दुबळ्याविषयी झोपलेला असू शकतो, हे आपण आपल्या विद्रोही वाङ्मयातही पाहिलेले आहे. ज्या गाण्यात स्त्रीला वाचा नाही, ते गाणे जगापुढे आणण्याचा हट्ट मात्र एका स्त्रीने धरला होता, ही विसंगतीही लक्षात ठेवावी.

४. चित्रफीत

आता चित्रफितीकडे वळू. दूरचित्रवाणीवर चोवीस तास गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी 'एमटीव्ही' ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. प्रारंभीची काही वर्षे तीवर कृष्णवर्णीय कलावंतांना फारच थोडी जागा मिळे. १९८३ साली डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने त्याच वाहिनीवरील मुलाखतीत याविषयी उघड जाब विचारला होता. रॅपला तेथे खरी वाट मिळाली ती १९८४ मध्ये 'रन-डीएमसी' या गटाच्या 'रॉक बॉक्स'पासून. 'द मेसेज'ची चित्रफीत त्यापूर्वीची. तिच्यावर फारसा खर्च झालेला दिसत नाही. चकचकीत सभागृह नाही, नर्तकींचा ताफा नाही. न्यूयॉर्कचा रस्ता, रहदारी, पदपथावरची माणसे, पडझड झालेल्या भिंती आणि त्यांच्यासमोर उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत बोलणारे तरुण, एवढेच तिचे भांडवल.

या साधेपणाचा परिणाम मोठा झाला. तोपर्यंत ब्रॉन्क्सचे ढिगारे जगाने पाहिले होते ते वृत्तपटांतून, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पाठीमागचा देखावा म्हणून. त्या चित्रांत तेथील माणसे कडेला उभी असत. या चित्रफितीत ती मध्यभागी आली आणि भिंती त्यांच्या पाठीमागे गेल्या. कॅमेऱ्याची दिशा तीच, परंतु बोलणारा बदलला. पुढे चाळीस वर्षे रॅपच्या असंख्य चित्रफितींत आपली गल्ली, आपली भिंत आणि आपले मित्र यांच्यासमोर उभे राहण्याची जी रीत रूढ झाली, तिचे मूळ शोधताना या चित्रफितीपाशी थांबावे लागते.

परंतु याच चित्रफितीत ती गाठ आहे, जिचा उल्लेख मी आरंभी केला. ड्यूक बूटी चित्रफितीत नाही. त्याचे शब्द, त्याच्याच आवाजात, गटातील रहीम हा ओठांच्या हालचालींनी म्हणतो. आवाज एलिझाबेथ गावच्या पदवीधराचा, चेहरा ब्रॉन्क्सच्या रस्त्यावरच्या तरुणाचा. पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही आणि तो म्हणतो, वा, किती खरे, याने सारे भोगलेले दिसते!

आणखी एक विशेष शेवटी आहे. कडवी संपल्यावर गाण्यात एक लहानसे नाट्य येते. गटातील मित्र रस्त्याच्या कोपऱ्यावर भेटतात, रात्री कोठे जायचे याच्या गप्पा मारतात आणि इतक्यात पोलिसांची गाडी येऊन थांबते. तरुण आपल्या गायकगटाचे नाव सांगतात, पोलिसाला ते गुंडांच्या टोळीचे नाव वाटते आणि सर्वांना गाडीत कोंबले जाते. स्टीव्ही वंडर याच्या १९७३ च्या 'लिव्हिंग फॉर द सिटी' या गाण्यातही असाच एक प्रवेश आहे. परंतु येथे त्याला निराळाच अर्थ येतो. संपूर्ण तबकडीत गटातील सर्वांचे खरे आवाज ऐकू येतात ते केवळ या एका जागी. इतर वेळी ज्यांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द आहेत, ते स्वतःच्या आवाजात बोलू लागतात आणि बोलू लागताच पकडले जातात. योजकाच्या मनात हा अर्थ होता की नाही हा प्रश्न गौण आहे. कलाकृतीत तो आहे.

५. अनुभव कुणाचा?

आता मूळ प्रश्न. या गाण्यातला खरेपणा कुणाचा?

मराठीत दलित साहित्याची चर्चा ऐन भरात होती तेव्हा असाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. दलित साहित्य दलितानेच लिहिलेले असले पाहिजे काय? स्वानुभूतीची जागा सहानुभूती घेऊ शकेल काय? आपला आणि कृष्णवर्णीय अमेरिकेचा संबंध या बाबतीत काही ओढून आणलेला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केला होता. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तेव्हा तिने नाव घेतले ते १९६६ साली ओकलंड येथे निघालेल्या 'ब्लॅक पँथर' पक्षावरून. तेव्हा तिकडच्या गाण्याला इकडचा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

स्वानुभूतीचा निकष कठोरपणे लावला तर 'द मेसेज' नापास होते. मुख्य लेखक ब्रॉन्क्सचा नाही. जे ब्रॉन्क्सचे होते त्यांना हे गाणे नको होते. कंपनीने विक्रीचा अंदाज बांधून ते त्यांच्या नावावर काढले. उलट, निकष सोडूनच दिला तर दुसरे संकट उभे राहते. मग कुणीही कुणाच्याही दैन्याचे दुकान मांडावे, असे होईल. मध्यममार्ग म्हणून असे म्हणता येईल की ड्यूक बूटीही कृष्णवर्णीय होता, बकाल शहर त्यानेही पाहिले होते, तेव्हा त्याचा अनुभव अगदीच परका नव्हता. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. कारण मग रहीमच्या चेहऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

मला असे वाटते की आपण अनुभव हा शब्द मालमत्तेसारखा वापरतो, म्हणून अडचण येते. अनुभव कुणाच्या मालकीचा, हे विचारण्याऐवजी तो कसा तपासला गेला, हे विचारावे. 'द मेसेज' दोन कसोट्यांतून गेले. पहिली कसोटी मेली मेलची. ब्रॉन्क्सचा तो तरुण प्रथम नकार देणाऱ्यांतच होता. शेवटी तो आला तेव्हा रिकाम्या हाताने आला नाही, तीन वर्षांपूर्वीचे स्वतःचे कडवे घेऊन आला आणि ते त्या रचनेत बसले. बाहेरून आलेल्या यादीला आतून आलेली कथा जोडली गेली आणि सांधा दिसला नाही. सांधा न दिसणे हीच त्या यादीच्या खरेपणाची साक्ष आहे. दुसरी कसोटी श्रोत्यांची. ज्यांच्या जिन्यात ती घाण होती आणि ज्यांच्या मोटारी ओढून नेल्या जात होत्या, त्यांनीच ती तबकडी विकत घेतली आणि तिला चौथ्या क्रमांकावर नेले. खोटे असते तर सर्वांत आधी तेच हसले असते.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ परीक्षेतला नाही. माझे आजोबा गिरणगावात साचे चालवीत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात त्यांची नोकरी गेली. तो संप मी पाहिलेला नाही. मी ऐकला आहे, आजीकडून, भांडी घासताना आणि तांदूळ निवडताना, तुकड्या-तुकड्यांनी. गहाण पडलेली पातेली किती होती, वाण्याने उधारी कोणत्या महिन्यात बंद केली, शेजारच्या खोलीतले कुटुंब कोकणात कोणत्या दिवशी परतले, हे तिला तोंडपाठ होते. मी त्यावर कविता लिहिते, तेव्हा वर्गातले काही जण विचारतात की तू तर वसतिगृहात राहतेस, तुला त्या संपाचे काय? या विचारण्यात तथ्य आहे. परंतु आजी लिहू शकत नव्हती आणि आता ती नाही. मी गप्प बसले तर तिची ती पातेली कुणाच्याच कवितेत येणार नाहीत. तेव्हा मी 'द मेसेज'कडून एवढेच घेते : ज्याचे दुःख आहे त्याच्या तपशिलाशी इमान राखायचे, त्याच्या वतीने निष्कर्ष काढायचे नाहीत आणि शब्द कुठून आले ते लपवायचे नाही.

या तिसऱ्या अटीत मात्र ती चित्रफीत कमी पडते. आपल्या परंपरेत याची सोय होती. लावणीकार होनाजी लिहीत असे आणि त्याचा सोबती बाळा गात असे. लोकांनी दोघांना मिळून 'होनाजी बाळा' असे एकच नाव दिले. लिहिणारा आणि गाणारा असे दोघेही त्या नावात नांदले, एकाने दुसऱ्याला झाकले नाही. ड्यूक बूटीला लेबलावर नाव मिळाले, पण लेबल वाचतो कोण? जग चित्र पाहते. चित्रफितीच्या युगात चेहरा हीच सही झाली आणि ज्याचा चेहरा नाही त्याची सहीही नाही.

६. नंतरची कथा

गाणे गाजले आणि गट फुटला. १९८३ मध्ये फ्लॅशने कंपनीविरुद्ध पैशांसाठी आणि नावाच्या हक्कासाठी दावा लावला. रहीम आणि किड क्रिओल त्याच्याबरोबर गेले, मेली मेल, काऊबॉय आणि स्कॉर्पिओ मागे राहिले. ज्या नावावर गाणे निघाले, ते नाव कुणाचे, यावरच भांडण झाले.

१९९७ साली 'पफ डॅडी' या रॅपरने 'द मेसेज'ची ती विद्युतवाद्याची सुरावट घेऊन नवे गाणे रचले. त्यात होती ती संपत्तीची आणि यशाची घमेंड. मूळ गाणे ज्या तक्त्यात ६२ वर अडकले होते, त्याच तक्त्यात हे गाणे पहिल्या क्रमांकावर जाऊन सहा आठवडे राहिले. दैन्य सांगणाऱ्या सुरावटीला बाजाराने दिलेली किंमत आणि वैभव मिरविणाऱ्या त्याच सुरावटीला दिलेली किंमत यांतला फरक इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच पाहायला मिळतो.

सन्मान उशिरा आले, पण आले. २००२ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली. त्या पन्नास ध्वनिमुद्रणांत हिप-हॉपचे एकच होते आणि ते 'द मेसेज'. २००७ साली हा गट 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. तो मान मिळविणारा तो पहिला हिप-हॉप गट. आपल्या मुंबईतही २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने आयपॅडवर चित्रण करून 'आफत' हे गाणे काढले आणि २०१५ साली डिव्हाइनबरोबर 'मेरे गली में' केले, तेव्हा आपल्या गल्लीसमोर उभे राहण्याची ती ब्रॉन्क्सची रीत अरबी समुद्रापर्यंत पोहोचली होती. येथे मात्र लिहिणारा, म्हणणारा आणि दिसणारा एकच होता.

आणि ड्यूक बूटी? त्याने पुढे संगीताचा व्यवसाय सोडला आणि तो शिक्षक झाला. जॉर्जिया राज्यातील सव्हाना स्टेट विद्यापीठात त्याने अध्यापन केले. २०२१ च्या जानेवारीत तो वारला. शिक्षक आपल्याला मूर्ख समजतात असे म्हणणारा मुलगा ज्या गाण्यात आहे, त्या गाण्याचा लेखक उत्तर आयुष्यात स्वतः फळ्यापुढे उभा राहिला. आपल्या या महाविद्यालयातही शेवटच्या बाकावर तसा एखादा मुलगा बसलेला असेल. त्याला आपण काय समजतो, ते त्याला आपल्या चेहऱ्यावर वाचता येते, एवढे आम्ही विद्यार्थ्यांनी आणि आपण अध्यापकांनी ध्यानात ठेवले, तरी त्या चेहरा नसलेल्या कवीचा निरोप येथवर पोहोचला असे म्हणता येईल.